समाधीजवळचं केसर

वासराला हाकलून नीलम्मा आंब्याच्या रोपापाशी पोचली, तेव्हा ते नेमकं कलमाच्या जोडावर मोडून लोंबत होतं. एका बाजूची साल तेवढी धरून होती. तिनं वासराला चार शिव्या हासडल्या. पाचवी तोंडात आली आणि रडूच फुटलं.

रोप साधंसुधं नव्हतं. राणीसावरगावच्या शिवारात, घरच्याच रानात तिच्या नवऱ्याची, बसवंतरावांची समाधी होती आणि तिला लागून हे केसरचं कलम लावलेलं होतं. नवराबायकोचं जन्मभर छान जमलं, फक्त आंब्यावरून कधी जमलं नाही. तिला केसरच्या फोडी आवडायच्या. त्यांना चोखायचा गावरान लागायचा. "आंबा चोखायचा असतोय. चाकूनं कापायची ती काकडी," असं म्हणत ते कोपरापर्यंत रस ओघळू द्यायचे आणि ती धोतराचे डाग घासत बोटं मोडायची. केसर काही त्यांनी बांधावर लावू दिलं नाही. ते लिंगैक्य झाले, रानातच त्यांना माती दिली, त्याच पावसाळ्यात तिनं रोपवाटिकेतून कलम आणलं, समाधीशेजारी लावलं आणि म्हणाली, "आता न्हाई म्हणा बरं!"

तेव्हापासून रोज पाणी घालताना ती त्या रोपाच्या निमित्तानं नवऱ्याशी भांडायची. रोप गेलं तर भांडायचं कुणाशी? तिचा जीव त्यासाठी तुटत होता.

तिनं शेण-माती कालवून मोडल्या जागी थापली. वरून बसवंतरावांच्याच जुन्या धोतराची पट्टी घट्ट बांधली, तुराटीचा आधार दिला, उन्हाच्या बाजूला कडबा उभा केला. वरची पानं तरीही वाळून गळाली. "आई, गेलं ते. सोड आता," मुलगा शंभुराज म्हणाला. तिनं ऐकलं नाही. हट्टात ती नवऱ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती.

एके सकाळी पट्टीखालून तांबूस, लुसलुशीत फुटवा डोकावला. नीलम्मा तशीच घरी आली आणि चहा पिणाऱ्या शंभुराजला हाताला धरून रानात घेऊन गेली.

"बग, माजं केसर जगलं!"

शंभुराज खाली बसला. पट्टी जरा वर सरकवून त्यानं नीट बघितलं, जोडावरून बोट फिरवलं.

"बोल की."

"आई, केसरची काडी जोडापासून वाळून गेली गं. हे फुटायलंय ते जोडाच्या खालून. रोपवाटिकेवाले गावरान कोयीचं रोप वाढवतेत आन् त्याच्यावर केसरची काडी बांधतेत. हे खालचं गावरान हाय." त्यानं फुटव्याला हात घातला. "उपटून टाकू. तुला दुसरं केसर आणून देतो, लय चांगलं."

नीलम्मानं वाकून त्या फुटव्याकडं बघितलं. समाधीकडं नजर गेली तसा तिनं डोक्यावरचा पदर सावरला, ते घरात शिरले की सावरायची तसा. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, डोळेही भरले. तिनं लेकाच्या हातावर चापट मारली.

"हात लावू नको. मातीत जाऊन बी आपलंच खरं केलं बग तुज्या अप्पांनी!"