होडीची शेवटची नोंद

“बंद करून पुन्हा चालू कर,” ओयार्सो म्हणाला. “माझा टीव्ही तसाच सुरू होतो.”

“टीव्हीला काही लक्षात ठेवायचं नसतं, अध्यक्ष.” यास्नाने पडद्यावरची नजर काढली नाही.

मच्छीमार संस्थेच्या कचेरीत तिघंच होती. ओयार्सो संस्थेचा अध्यक्ष. यास्ना बेटावरच्या अशा चार-पाच संस्थांचे कॉम्प्युटर सांभाळायची. निरोप मिळताच सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने आली होती. आणि शेगडीजवळ, अंगातला ओला कोट न काढता बसलेली ओर्फेलिना. तिचा नवरा क्लोदोमिरो काल पहाटे कोंग्रिओ मासा धरायला गेला होता. जोडीदाराला ताप होता म्हणून एकटाच. दुपारनंतर वारा उठला. तो परतला नाही.

प्रत्येक होडीवरचं यंत्र आपली जागा सांगत राही, टेकडीवरचा अँटेना ती ऐके आणि कचेरीतलं मशीन लिहून ठेवी. पण ते मशीन वेगळं असं नव्हतंच. कपाटातल्या एकाच जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात दोन मशीन वसवलेली होती. एक होड्यांसाठी, दुसरं धक्क्यावरच्या कॅमेऱ्यांसाठी. डिस्क दोघांत एकच. कॅमेऱ्यांच्या चित्रांनी ती काठोकाठ भरली आणि होड्यांचं मशीन लिहिता लिहिता थबकलं.

“मेलं नाहीये, गोठलंय,” यास्ना म्हणाली. “ते तासभराचं ऐकून ठेवतं आणि मग एकदम लिहितं. शेवटचं ऐकलेलं अजून त्याच्या मनात आहे. बंद केलं की ते गेलं. जागा करून दिली, तर उठेल आणि लिहील.”

“मग कर जागा.”

“कॅमेऱ्यांचं जुनं पुसावं लागेल. इतके महिने कुणी पुसलं कसं नाही?”

ओयार्सोने ओर्फेलिनाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “क्लोदोमिरोनेच पुसू दिलं नाही. त्याचं इंजिन चोरीला गेलं तेव्हा कॅमेरे लावा म्हणून सभेत भांडला. मग म्हणाला, चोर सापडेपर्यंत एक दिवस पुसायचा नाही.”

“हळू कशाला बोलतोस?” ओर्फेलिना म्हणाली. “घरीही हेच ऐकलंय मी.”

ती उठून यास्नाच्या मागे आली. पडद्यावर दिवसांच्या ओळी लागल्या होत्या, प्रत्येकाशेजारी धक्क्याचं नखाएवढं चित्र.

“ह्यात तो असेल ना?”

“रोज सकाळी असेल, मावशी. अलीकडचं मी ठेवतेय. कालचं तर नक्कीच.”

“बाकीचं एकदम पूस. एकेक करत बसू नको.”

यास्नाने जुनं सगळं निवडलं आणि पुसलं. मग गोठलेल्या मशीनला पुढे चालायला सांगितलं. बराच वेळ काही झालं नाही. कपाटातला पंखा जोरात फिरू लागला. ओयार्सोने उगाचच शेगडीत एक लाकूड सारलं.

नकाशा हलला. आतापर्यंत होडीचा शेवटचा ठिपका समुद्रातल्या एका लहान खडकाळ बेटाच्या दक्षिणेला होता, म्हणून उजाडल्यापासून बंदराची लाँच तिकडेच शोधत होती. आता त्या ठिपक्यापुढे दुसरा उमटला, मग तिसरा. ठिपके बेटाला वळसा घालून उत्तरेला आले आणि खाडीच्या तोंडाशी थांबले.

“वळला होता,” ओयार्सो म्हणाला. “घरी यायला निघाला होता.”

“मग इथे का थांबला?” ओर्फेलिनाने ठिपक्यावर बोट ठेवलं.

“इथे मशीन थांबलं, मावशी. तो कुठे थांबला ते मशीनला माहीत नाही.” यास्नाने टेकडीच्या दिशेने मान वळवली. “अँटेनाने पुढचंही ऐकलं असेल. पण लिहून घ्यायला कुणी नव्हतं.”

ओयार्सो तोवर रेडिओवर लाँचला नवी जागा सांगत होता. त्याने ती दोनदा सांगितली, आणि ‘दक्षिणेला नाही, उत्तरेला’ हे तीनदा.

मग वाट पाहणं. किटली उकळली, कुणी उतरवली नाही. खिडकीबाहेर सगळ्या होड्या धक्क्याला बांधलेल्या होत्या. वाऱ्यामुळे आज लहान होड्यांना बंदर बंद होतं. ओर्फेलिनाने यास्नाच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि नकाशासमोर बसून राहिली, चूल पेटण्याची वाट बघत बसावं तशी.

रेडिओ खरखरला. लाँचवरचा माणूस सावकाश बोलत होता. होडी सापडली. खाडीच्या तोंडातल्या खडकांवर, उलटी. इंजिन जागेवर आहे. माणूस नाही. आम्ही इथेच शोधतो आहोत.

“समजलं,” ओयार्सो म्हणाला. त्याने टोपी काढली, हातात धरली आणि परत घातली. एवढ्या गार पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो हे त्या कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. “मी धक्क्यावर जातो. पोरांना गोळा करतो,” म्हणत तो बाहेर पडला.

यास्नाने ओर्फेलिनाच्या पाठीवर हात ठेवला. कोट अजून ओला होता. ओर्फेलिना रडली नाही. ती पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे बघत होती.

“हे काय आहे?”

“मशीनचं घड्याळ. गोठलं होतं ना, उठलं ते तिथूनच. त्याच्या लेखी अजून कालची दुपारच आहे.” यास्नाने कीबोर्ड पुढे ओढला. “लावून टाकते.”

“राहू दे थोडं.”

यास्नाचे हात थांबले. नकाशावर होडी खाडीच्या तोंडाशी होती, नाक घराकडे.

“ह्या वेळेला,” ओर्फेलिना म्हणाली, “मी बटाटे सोलत होते.”