दुसरं मत

"दोन! या वेळी दोन!" दुकानाचं दार ढकलतच रॉस ओरडला. मागून त्याची बायको जॅन रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आत आली.

कौमुदीने काउंटरवरून मान वर केली. गावातलं एकुलतं एक औषधांचं दुकान तिचं, आणि गिऱ्हाइकं सगळी गाई पाळणारे शेतकरी. या गावाने आजोबा-पणजोबांपासून निळ्या पक्षाशिवाय कुणाला विचारलं नव्हतं. मागच्या निवडणुकीत गावच्या हॉलमधल्या पेटीतून एक मत लाल पक्षाचं निघालं आणि सगळ्यांनी ते बिनचौकशी कौमुदीच्या नावावर टाकलं. काहीजण तर तेव्हापासून साध्या खोकल्याच्या औषधासाठीही दूरचं पामर्स्टन नॉर्थ शहर गाठू लागले.

खरी गंमत अशी की कौमुदीने तेव्हा निमूटपणे निळ्यालाच मत दिलं होतं. नव्या गावात वेगळं कशाला दिसायचं, म्हणून.

"सांगून टाक ना एकदाचं," या वेळच्या मतदानाच्या सकाळी तिचा नवरा हरीश म्हणाला होता. त्याने आपलं मत आधीच पामर्स्टनला, ऑफिसजवळ देऊन टाकलं होतं. "सगळं कसं स्वीट ॲज, एकदम झकास होईल."

"का म्हणून सांगू? तीन वर्षं फुकट बोलणी खाल्ली मी. आज बोलणी खाण्यासारखं काहीतरी करूनच येते."

आणि ती करून आली. परतताना तिला फार बरं वाटलं होतं.

"एक तुझं, ते ठरलेलंच," रॉसने काउंटरवर कोपर टेकला. "दुसरं कुणाचं? कुणाला फितवलंस?"

म्हणजे मागच्या वेळी लाल मत देणारं ते माणूस अजून गावातच होतं. 'मागचं माझं नव्हतं' एवढं म्हटलं की कौमुदी सुटत होती. शब्द ओठांवर आलेही. तेवढ्यात तिची नजर जॅनकडे गेली. नवऱ्याच्या पाठीआड उभी राहून जॅन हलकेच मान हलवत होती. नको, नको. हातातली चिठ्ठी पार चुरगळली होती.

"मागचंही माझंच होतं, रॉस," कौमुदी म्हणाली. "या वेळचं दुसरंही मीच आणलं. पुढच्या वेळी तिसरं आणणार आहे. अजून काही?"

रॉसचा चेहरा लाल झाला. "मग आमच्या गोळ्याही आता पामर्स्टनहूनच आलेल्या बऱ्या. चल, जॅन."

जॅन हलली नाही. तिने चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि तळहाताने सावकाश सरळ केली.

"गोळ्या मी इथूनच घेणार," ती म्हणाली. "तू गाडीत जाऊन बस, रॉस."