सुरू होईपर्यंत

कॉम्प्युटरवाल्याने झाकण उघडलं आणि आत फुंकर मारली. धुळीचा लोट उठला तसा सासूबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"एवढं सगळं यात होतं?"

"अजून आहे, आजी," तो म्हणाला. "चालतोय हीच कमाल आहे. याच्या वयाचे सगळे कधीच भंगारात गेले."

ती दाराला टेकून उभी होती. दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर जे रेकॉर्डरवर बोलून ठेवतात, ते घरी बसून टाइप करायचं, हे तिचं काम. म्हणजे कॉम्प्युटर तिचाच. त्याचं काय करायचं ते ठरवायला आज सगळं घर जमलं होतं. बोलत मात्र बाकीचेच होते.

नवऱ्याचं म्हणणं, नवी डिस्क घाला, मेमरी वाढवा, अजून काही वर्षं सहज ओढेल. लेकीचं म्हणणं, मेलेल्याला सलाइन लावण्यात अर्थ नाही, सरळ नवा आणा. बापलेकीचं एरवीही पटायचं नाही. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: काहीही केलं तरी सुरू व्हायला लागणारा वेळ वाचेल.

"बटण दाबायचं की कामाला लागायचं," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "वहिनी, खुर्चीत नीट टेकायलासुद्धा सवड मिळणार नाही तुम्हाला."

तो हे कौतुकाने सांगत होता. तिने मात्र आपल्या खुर्चीकडे पाहिलं.

घरात एक नियम होता. कॉम्प्युटर सुरू होत असताना तिला हाक मारायची नाही. फार पूर्वी एकदा कुणीतरी बोलावलं म्हणून ती मध्येच उठून गेली, यंत्र अडकलं आणि केलेलं सगळं काम पाण्यात गेलं, तेव्हापासूनचा. उठण्याचा आणि अडकण्याचा काही संबंध नव्हता, हे तिला पुढे कळलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. सकाळचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, लेकीची शोधाशोध सगळं उरकलं की ती बटण दाबायची, आणि तो कण्हत कुथत जागा होईपर्यंत खुर्चीत नुसती बसून राहायची. दिवसभरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. यंत्र म्हातारं होत गेलं तशी त्यात वर्षागणिक थोडी भरही पडत गेली होती.

"अगं, तू बोल ना काहीतरी," नवरा म्हणाला. "वापरणार तू."

"राहू दे ना आहे तसाच."

"आई, तो सुरू होईपर्यंत माणूस म्हातारा होतो," लेक म्हणाली.

"तो सुरू होईपर्यंत मी बसते जरा." वाटलं होतं त्यापेक्षा हे बोलणं तिला जड गेलं. "दमते मी. तेवढंच बसणं होतं."

नवरा हसला. वाईट मनाने नाही.

"मग बस की. त्याला कॉम्प्युटर कशाला पाहिजे? तुला कोण नको म्हणतंय?"

खरंच, कोण नको म्हणत होतं? ती पुढे झाली आणि उघड्या यंत्रासमोर आपल्या खुर्चीत बसली. पाय लांब केले. हात मांडीवर ठेवले.

"बरं वाटत नाही का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"बरी आहे, आई. नुसती बसलेय."

"बसलीच आहेस तर एवढा मटार सोलून टाक." त्यांनी आतून शेंगांचं ताट आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

नवऱ्याला शर्टाची उसवलेली बाही आठवली. शर्ट आणि सुईदोरा टेबलावर आला. लेक कंगवा घेऊन तिच्या पायाशी पाठमोरी बसली. "आई, बसलीच आहेस तर एवढा गुंता काढ ना." कुणाच्याही मनात काही वावगं नव्हतं. तिचे हात रिकामे दिसले, इतकंच.

कॉम्प्युटरवाला नवी डिस्क हातात घेऊन ताटकळत उभा होता. "मग काय, वहिनी? बसवू ही?"

"धूळ काढलीत ना सगळी?"

"काढली."

"मग झाकण लावा."

"अहो, पण हा असाच रखडणार."

"रखडू दे."

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खांदे उडवले. वापरणारीच नको म्हणते म्हटल्यावर तो तरी काय करणार. झाकण लागलं, स्क्रू पिळले गेले. तिने शेंगांच्या ताटावरून हात लांब करून बटण दाबलं. आत पंखा घरघरला आणि काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली.

लेक कंगवा घेऊन चटकन उठली. नवऱ्याने शर्ट काखोटीला मारला. कॉम्प्युटरवाला आपली हत्यारं खडखडत पिशवीत भरू लागला, तसं सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या कुजबुजल्या, "सुरू होतोय तिचा."

आणि तिच्या मांडीवरचं ताट अलगद उचलून घेऊन त्या आत निघून गेल्या.