नाव लागतं

शरदने लिहिलेल्या प्रोग्रामला जागेचं नाव दिलं, की तो तिचे अक्षांश-रेखांश काढून नकाशावर ठिपका दाखवायचा. कुवेत कायमचं सोडायच्या आदल्या दिवशी बॅगा भरता भरता नीलाने नवऱ्याला विचारलं, "आपल्या बाळाला पुरलं ती जागा दाखवेल का रे तो?"

"त्याला नाव लागतं, नीला."

बाळ नवव्या दिवशीच गेलं होतं. बारसं राहूनच गेलं.

"मी मनात ठेवलं होतं," ती म्हणाली. "जुईली."

शरदने पाकिटातून एक कागद काढला. त्या दिवशी जीपीएसवरून टिपून घेतलेले आकडे सात वर्षांत त्याने तिलाही दाखवले नव्हते. ते त्याने प्रोग्रामच्या यादीत भरले, शेजारी नाव लिहिलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

"आता हाक मार तिला."