वीस वर्षांची गच्ची

"फुकट म्हणजे? नक्की किती फुकट?" भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि कंपनीच्या माणसाकडे रोखून पाहिलं.

भाऊजी धंद्याने सोनार आणि शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. मुख्याध्यापिका त्यांची थोरली वहिनी, म्हणून अख्खी शाळा त्यांना भाऊजीच म्हणे. शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली. ती बंद करून इमारत गोदामाला द्यावी, असा धोशा त्यांनी दोन वर्षं लावला होता. पहिलीत मुलं जेमतेम अकरा आणि विजेचं बिल परवडत नाही, ही त्यांची दोन हुकमी कारणं. त्यातलं दुसरं आज मोडीत निघायला आलं होतं. वहिनींचा सगळा जीव शाळेत, पण बैठकीत त्या कधी भांडल्या नाहीत. भाऊजींनी त्याचा अर्थ होकार असा लावला होता.

कंपनीच्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गच्चीवर सौर पॅनेल कंपनी बसवणार. मालकी कंपनीची, देखभालही कंपनीची. शाळेने फक्त तयार होणारी वीज विकत घ्यायची, आजच्यापेक्षा कमी दराने. वीस वर्षांनी पॅनेल शाळेची.

"पाणी कुठेतरी मुरतंय," भाऊजी म्हणाले. "गच्ची गळली तर?"

"आम्ही दुरुस्त करून देऊ."

"वाऱ्याने पॅनेल उडाली तर?"

"विमा आमचा."

"आणि तुम्हीच उडालात तर?"

त्याचंही कलम होतं. भाऊजी गच्चीवर गेले, कठडा ठोकून पाहिला, खाली येऊन पुन्हा करार उघडला. कंपनीने काय करायचं ती प्रत्येक ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. खोट सापडेना, तसा त्यांचा संशय वाढतच गेला. जन्मभर त्यांनी समोरच्याने आणलेला मालच घासून पाहिला होता. दुसरं काही तपासायची सवयच नव्हती.

"भाऊजी, पुढे शाळेच्या जबाबदाऱ्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "त्याही वाचा ना."

"आपलं आपण बघू हो. घरातल्यांवर कसला संशय? चोर बाहेरूनच येतो, वहिनी."

एव्हाना भाऊजी मनातल्या मनात मांडे खाऊ लागले होते. शाळा गेली तरी गच्ची कुठे जाणार होती? गोदामालाही वीज लागतेच, आणि ही तर स्वस्तातली. त्यांनी कंपनीकडून आणखी दोन अटी हाताने लिहून घेतल्या, शेवटच्या पानावर ऐसपैस सही ठोकली आणि खुर्चीत मागे रेलले. वहिनींनी आणि कंपनीच्या माणसानेही सह्या केल्या.

"चला, सुटलो," पेनाला टोपण लावत भाऊजी म्हणाले. "आता पुढच्या बैठकीत शाळा बंद करायचं तेवढं उरकून टाकू. ही वीज गोदामाला वापरता येईल ना हो?"

कंपनीचा माणूस गोंधळला. "साहेब, शाळा बंद झाली तर सगळ्या पॅनेलची किंमत मंडळाला भरावी लागेल. शाळेच्या जबाबदाऱ्यांत पहिलंच कलम आहे ते."

"कधीपर्यंत?"

"पूर्ण वीस वर्षं. आम्ही पाचच म्हणत होतो." त्याने मुख्याध्यापिकेकडे पाहिलं. "बाईंनी वीस करून घेतली."

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, तुम्ही?"

वहिनींनी कराराची प्रत कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली.

"मी काय करणार, भाऊजी? तुम्ही सगळा वेळ यांच्याकडेच बघत होतात."