खोक्यावरचं हळदकुंकू

२०१६च्या दसऱ्याला माझ्या मुलाने, हेमांगने, ठोकळ्यांचं घर बांधायचा नुकताच बाजारात आलेला संच आणला. असे संच तो जमवायचा, उघडायचा मात्र नाही. कपाटात सत्तावीस खोके सीलबंद होते. आठ वर्षांची नात इरावती काचेला नाक लावून बघत राहायची.

घरात आलेल्या नव्या वस्तूला लावतो, तसं मी ओल्या बोटाने खोक्याला हळदकुंकू लावलं.

"आई, अगं काय केलंस! डाग पडलेला खोका संग्रहात चालत नाही."

"स्कूटरला लावलं तेव्हा चाललं की."

"मग बाबा, आता हा उघडायचा?" इरावतीने विचारलं.

त्याने रुमालाने डाग पुसून बघितला, तो आणखीच पसरला. मग म्हणाला, "कात्री आण." मी तांदळासारखे ठोकळे ताटात निवडून दिले, बापलेकींनी जेवण विसरून घर उभं केलं.

पुढच्या चैत्रात हेमांग हृदयविकाराने गेला. बाकीचे खोके सुनेने एका संग्राहकाला बंदच देऊन टाकले आणि इरावतीला घेऊन ती माहेरी सांगलीला गेली. इरावती आता बारावीला आहे. ते घर पाठवू का विचारलं, तर म्हणाली, "नको आजी, वाटेत सुटं होईल." मी इथेच असते. कोरड्या ब्रशने त्याची धूळ झटकते.