अटळ बिघाड

इस्पितळाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आत विभागाचे आरोग्यप्रमुख एकटेच होते. वर सभागृहात त्यांच्या सत्काराला पाहुणे जमलेले. टाळता येण्याजोगे मृत्यू सगळ्यांत कमी, म्हणून विभाग पहिला आला होता. साहेबांनी त्यासाठी मेहनतही घेतली होती. इस्पितळात कुणी दगावलं की चौकशी समिती बसायची, आणि साहेब चहा संपवून उठायच्या आत तो मृत्यू 'अटळ' ठरलेला असायचा.

लिफ्टचा मिस्त्री आला. निवांत आला. लिफ्ट बंद पडली की पाडली, हे त्याला आणि लिफ्टलाच ठाऊक. त्याची बायको याच इमारतीत बाळंतपणात रक्त जाऊन गेली होती. द्यायचं रक्त तळघरात होतं आणि तळघराची किल्ली खिशात घालून रक्तपेढीवाला लग्नाला गेला होता. समितीने तिलाही अटळमध्ये बसवलं.

मिस्त्रीने बाहेरचं दार वीतभर सरकवलं. डोळ्यांसमोर साहेबांचे बूट आले. तो हत्यारांच्या पेटीवर बसला.

धावत आलेल्या हेड सिस्टरने काय झालंय ते विचारलं.

"अटळ बिघाड आहे, सिस्टर. समिती बसवावी लागेल."

मागे कुणीतरी हसलं आणि घाईने खोकलं.

साहेबांनी आधी दरडावलं, मग मिस्त्रीला दादा केलं, मग जीव गुदमरतोय म्हणाले. आतला पंखा चालू आहे, मरायची सोय नाही, असं मिस्त्रीने अदबीने कळवलं. त्याचं मागणं एकच होतं. तिचं मरण टाळता आलं असतं, एवढं साहेबांनी मोठ्याने म्हणावं. सत्काराचे पाहुणे एव्हाना जिन्यावर गोळा झाले होते.

बूट मागे सरकले, पुन्हा पुढे आले.

"आलं असतं टाळता," आतून आवाज आला.

"कोणाचं?"

"तुमच्या मिसेसचं."

"नाव सांगा, साहेब. नाव सांगितलं की काढतो."

मिस्त्रीने दाराची चावी हातात घेतली. आतून एक नाव आलं. ते तिचं नव्हतं. मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली, पण हेड सिस्टर भिंतीला टेकली. त्या नावाच्या पोरीला तिनेच दाखल करून घेतलं होतं; तीही अटळच ठरली होती.

दुसरं नाव आलं. मग तिसरं. साहेबांना सुटायची घाई होती, आठवेल ते सांगत सुटले होते. एकही नाव खोटं नव्हतं. जिन्यावरचे पाहुणे नीट ऐकू यावं म्हणून पायरी पायरी खाली सरकत होते.

सिस्टरने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे आता, भाऊ. काढ त्यांना."

मिस्त्रीने चावी खिशात टाकली.

"थांबा, सिस्टर. तिचं अजून यायचंय."